आठ दिवसांची भाडेकरू

सीताबाई शितोळे नवरा सोडून गेल्या, ही बातमी देवासमध्ये पहिल्यांदा मीच पसरवली. लपवण्यात अर्थ नाही, साक्षीदार बरेच हयात आहेत. सकाळी सातला बाई काखेत वळकटी, हातात स्टोव्ह आणि पिशवीत दोन पातेली घेऊन रिक्षात बसल्या आणि मागे दारात विश्वासराव नुसत्या बनियनवर उभे. एवढं बघितल्यावर माणसानं दुसरं काय समजायचं? नऊ वाजेपर्यंत मी चार घरी चहा पिऊन आलो होतो.

खरं काय ते दुसऱ्या दिवशी कळलं, पण तोवर बातमी माझ्या हातात राहिली नव्हती.

विश्वासराव एका कारखान्यात स्टोअरकीपर. नोकरी खाजगी. निवृत्त झाल्यावर महिन्याला जे हातात येणार, त्यात त्यांचा तंबाखू आणि पेपर भागला असता, फार तर दूध. बाईंनी हे नवऱ्याच्या पंचेचाळिशीतच ओळखलं. म्हातारपणी मुलाच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही आणि आपलं घर सोडायचं नाही, हा त्यांचा एकच हट्ट. मग दहा-बारा वर्षं गावभराचे ब्लाउज शिवून साठवलेलं आणि माहेरचे तोडे मोडून आलेलं, असं जोडून त्यांनी औद्योगिक वसाहतीमागे एक खोली घेतली. भाड्यानं द्यायला.

विश्वासरावांना शरम वाटली. शितोळे पवार महाराजांबरोबर दख्खनेतून आलेले, तीन पिढ्या महाराजांच्या घोड्यांची पागा सांभाळलेले. त्यांच्या वंशजानं एक तारखेला लोकांची दारं ठोठावायची? भाडं आणायला मी जाणार नाही, असं त्यांनी बजावलं. बाई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "पागा गेली. आता चंदी कोण घालणार आहे तुम्हाला?" चंदी म्हणजे घोड्याचा खुराक. विश्वासराव आठवडाभर फुगून बसले आणि भाडं आणायला बाईच जाऊ लागल्या.

आता वळकटीचं सांगतो. बाईंचा नियम असा, की खोली दुसऱ्याला देण्याआधी आठ दिवस आपण तिथं राहायचं. तिथंच रांधायचं, तिथंच झोपायचं. जे कळेल ते दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवायचं, येणाऱ्यासाठी. पहिल्या खोलीचं दार मी स्वतः वाचलंय. "नळ पहाटे साडेपाचला येतो, अर्धाच तास. शेजारची चक्की सकाळी दहाला सुरू होते, रात्रपाळीवाल्यानं घेऊ नये. समोरची बाई भांडते, पण आजारपणात तीच धावून येते." रात्रपाळीचा एक माणूस जास्त भाडं देत होता, त्याला खरंच परत पाठवलं. दिवसपाळीचं एक जोडपं आलं, ते अकरा वर्षं झाली अजून तिथंच आहे. समोरच्या बाईनंही ते दार वाचलं, हे सांगायला नको. दोन महिने ती कोणाशी बोलली नाही. मग त्या जोडप्याच्या पोराला ताप भरला, आणि औषध घेऊन तीच आली.

दुसरी खोली देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी. तिथं बाई मुद्दाम नवरात्रात राहायला गेल्या. दारावर लिहिलं, "नऊ दिवस झोप विसरा. बाकी वर्षभर देवी शेजारी आहे."

तिसरी त्यांनी धारला घेतली, त्यांच्या माहेरच्या गावी, बसस्टँडमागे. तोवर विश्वासराव निवृत्त झाले होते. बाई वळकटी घेऊन धारच्या बसमध्ये बसल्या आणि माझ्या जिभेला खाज सुटली. मुलगा अर्पित इंदूरला असतो. त्याला फोन करून म्हणालो, आई वळकटी घेऊन माहेरी गेली रे. यात खोटं काही नव्हतं. फक्त खोलीचं सांगायचं राहिलं.

अर्पित गाडी काढून थेट धारला. तिथं सदुसष्ट वर्षांची आई एकटीच स्टुलावर चढून खिडकीची कडी ठोकताना दिसली. भांडण नव्हतं हे कळलं, पण पोरगा घाबरला तो घाबरलाच. आईला घेऊन देवासला आला आणि त्यानं जाहीर केलं, तिन्ही खोल्या विकायच्या आणि दोघांनी इंदूरला यायचं. पंधरा दिवसांत गिऱ्हाईकही आणलं. विश्वासरावांचे गुडघे दुखत होते, ते गप्प बसले. खोल्या बाईंच्या नावावर, सही त्यांचीच लागणार.

"आई, बस हो गया आता," अर्पित म्हणाला. "तुमच्यासाठी कमरा तयार ठेवलाय मी."

बाईंनी हातातला दोरा तोडला. मग म्हणाल्या, "बरं. आधी आठ दिवस मी एकटी राहून बघते."

वळकटी इंदूरला निघाली तेव्हा मी सगळ्यांना सांगून टाकलं, की आता बाई काही परत येत नाहीत. तिथं एसी आहे, लिफ्ट आहे, नात आहे. हे सांगताना मला नेहमीसारखी मजा आली नाही.

इकडे विश्वासरावांची चंगळ. पहिल्या खोलीतली बायको रोज डबा पाठवी. तिचा नवरा तो घेऊन येई आणि म्हणे, "काकी नहीं हैं तो क्या, काकासाब भूखे थोड़ी रहेंगे।" टेकडीखालच्या खोलीतून कधी पोहे, कधी दालबाफले. आठ दिवसांत माणूस अंगानं सुटला.

नवव्या दिवशी पहिल्या बसनं बाई परत आल्या. अंगण झाडलं आणि मशीनवर बसल्या. संध्याकाळी अर्पितचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो, मी नेहमी तिथंच असतो. विश्वासरावांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडून रुची, त्यांची अकरा वर्षांची नात, काहीतरी वाचत होती. पोरीची शाळा इंग्रजी, मराठी एकेक अक्षर लावून वाचत होती.

"इथं... सकाळचं ऊन टेबलावर पडतं. लिफ्ट बंद पडली की पाच मजले. ह्यांच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. सूनबाई चहा चांगला करते, पण सकाळी तिला घाई असते, मागू नये. रुची आठ दिवस हॉलमध्ये झोपली, तक्रार केली नाही. खोली अभ्यासाला उत्तम. रुचीलाच द्यावी. भाडं घेऊ नये."

मग अर्पित म्हणाला, "बाबा, त्या गिऱ्हाइकाला मी नाही म्हणून सांगतो."

"लवकर सांग," बाई मशीनवरूनच म्हणाल्या. "उगाच ताटकळत ठेवू नकोस त्याला."

विश्वासराव उठले. खुंटीवरचा सदरा काढून घातला, बटणं लावली, वरचंसुद्धा. म्हणाले, "उद्या एक तारीख. भाडं आणायला मी जाईन." बाईंचं मशीन थांबलं. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली.

मग विश्वासराव माझ्याकडे वळले. "भिया, बसलास काय? जा, सांग गावाला. शितोळ्यांच्या तीन खोल्या आहेत म्हणावं."

मी चप्पल आधीच घातली होती.