मोहरीएवढ्या भोकातला गाळ

सोनबांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे, स्टोव्हची पिन असे. वारज्यात शेवटचा स्टोव्ह कधी विझला हे आता कुणाला आठवत नाही, पण सोनबांची पिन रोज त्यांच्याबरोबर कामावर जाई. तुंबलेली वस्तू दिसली की या माणसाच्या हाताला खाज सुटायची. पुतणीच्या लग्नात भरली पंगत सोडून ते आचाऱ्याच्या शेगडीशी झटत बसले होते. एकदा तर व्याह्यांच्या कानातलं यंत्र त्यांनी न विचारता काढलं, टोकरलं आणि परत बसवलं. व्याह्यांना त्या दिवसापासून सगळं ऐकू येऊ लागलं आणि दोन्ही घरांचे संबंध बिघडले.

असा हा माणूस खडकवासल्याच्या पाण्यावर एका नौकाविहार केंद्राची बचाव बोट चालवायचा. आधी तीस वर्षं सरकारी वर्कशॉपात फिटर होते. निवृत्तीनंतर घरात बसले असते तर बायकोने, तुळजाबाईंनी, त्यांच्यासकट पिन उकिरड्यावर टाकली असती.

बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनाचा खालचा पाय पाण्यात असतो. त्या पायाच्या पुढच्या धारेला मोहरीएवढं भोक. बोट पळू लागली की पाणी त्या भोकात घुसतं, बारक्या नळीतून वर दाब देतं आणि डायलवरचा काटा हलतो. एवढंच काय ते स्पीडोमीटर. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, बोट गाळावर घासली आणि भोक बुजलं. बोट वाऱ्यासारखी पळायची, काटा शून्यावर झोपलेला.

सोनबांनी पिन काढली. मॅनेजर ऋषी धावत आला.

"काका, नो नो! इंजिन वॉरंटीत आहे. कंपनीचा माणूस येईल. टच करायचं नाही."

"आरं, दोन मिन्टाचं काम हाय."

"वॉरंटी व्हॉइड होईल, काका. प्लीज."

कंपनीचा माणूस तीन महिने नुसता येणारच होता. सोनबा रोज त्या बुजलेल्या भोकाकडे बघत, जसा पथ्यावरचा माणूस जिलेबीकडे बघतो. आणि रोज संध्याकाळी रजिस्टर भरत. त्यात रकाना होता, 'मीटरवरील वेग'. त्यात ते सुवाच्य अक्षरात लिहीत : शून्य.

मग तो रविवार आला. कोथरूडच्या कॉलेजातली पाच-सहा पोरं पलीकडच्या काठाला पोहायला उतरली आणि त्यातला एकोणीस वर्षांचा प्रज्ञेश वर आला नाही. निरोप काठाकाठाने ओरडत ओरडत केंद्रावर पोचला. सोनबांनी वेगाचा दांडा पुरता पुढे ढकलला आणि चार किलोमीटर पाणी सात मिनिटांत कापलं. दुसऱ्या बुडीत पोरगं हाताला लागलं. उपयोग नव्हता.

घाबरलेली मित्रमंडळी म्हणाली, बोट अर्ध्या तासाने आली. हाक किती वाजता मारली याची नोंद कुठेच नव्हती. नोंद होती ती एकच, आणि ती सोनबांच्या अक्षरातली.

चौकशी समितीच्या वासंती मॅडमनी चष्मा नाकावर सरकवून रजिस्टर उघडलं.

"बोट पाण्यात होती ना त्या दिवशी?"

"व्हय मॅडम."

"मग वेग शून्य?"

"मीटरवर जे दिसतं त्येच लिवायचं ना? माझ्या मनाचं कसं लिवू?"

"हरिश्चंद्राच्या घराण्यातले दिसता. पण आपण सात मिनिटं म्हणता, मुलं अर्धा तास म्हणतात आणि आपलं रजिस्टर म्हणतं की बोट तीन महिन्यांत हललीच नाही. मी कुणाचं ऐकू?"

"मीटर बंद हाय, मॅडम. भोकात गाळ बसलाय. ह्यास्नी इचारा."

शेजारी बसलेल्या ऋषीने मोबाईलमध्ये डोकं घातलं. "तशी रिटन कम्प्लेंट काही दिसत नाहीये, मॅडम."

वासंती मॅडमनी रजिस्टर मिटलं. "ठीक. सोमवारी समिती बोट पाहील. मीटर खरंच बंद असेल तर या शून्याला काही अर्थ नाही, आपण सुटलात. चालू असेल तर मात्र या शून्याचा जाब आपल्यालाच द्यावा लागेल."

बाहेर पायरीवर प्रज्ञेशचे वडील आतलं बोलणं ऐकत उभे होते. उत्तरेश्वर नावाचा, लातूरकडून येऊन कोथरूडच्या एका क्लासच्या ऑफिसात काम करणारा मितभाषी माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मामा, एकच सांगा. जोरात आला होतात ना तुम्ही?"

"देवाशपथ, दादा. पुरा दांडा रेटून आलो."

"मग काटा शून्यावर कसा?"

"बंद हाय त्यो. सोमवारी तुमी बी या. डोळ्यांनी बगा."

उत्तरेश्वरांनी मान हलवली. त्या माणसाला आता दुसरं काही हवं नव्हतं. आपल्या पोरासाठी जगात निदान एक जण तरी जिवाच्या आकांताने धावला होता, एवढंच.

आता इथवर वाचून कुणीही शहाणा म्हणेल, सोनबांनी सोमवारपर्यंत घरी झोपून राहायचं. तुळजाबाईही तेच म्हणाल्या होत्या. "अहो, त्या बोटीकडं फिरकू नका. तुमच्या हाताचा भरवसा न्हाई मला."

पण आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, सोनबा बोटीवर गेले. फक्त पुसून ठेवायला. साहेब येणार म्हटलं की तीस वर्षं त्यांनी झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना फासला होता, फुटक्या फरशीवर कुंडी ठेवली होती, बंद पंखासुद्धा पुसून लखलखीत केला होता. येणाऱ्याला घाण दाखवायची नसते, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. त्यांनी बोट धुतली. पितळी कडी चिंचेने घासली. इंजिन वर उचललं, पाय पुसला. आणि ते भोक समोर आलं, शेंबडं, गाळाने माखलेलं. उद्या मॅडम येणार, पोराचा बाप येणार आणि आपलं इंजिन असं?

खिशातून पिन कधी निघाली हे त्यांनाच कळलं नाही. आधी डायलमागची नळी सोडवली, कारण ती न सोडवता हवा मारली तर डायल फुटतो. मग पिन, मग क्लचच्या केबलची एक बारीक तार, शेवटी सायकलचा पंप. काळी गोळी पचकन बाहेर पडली. सोनबांनी ती बोटावर घेतली, समाधानाने पाहिली आणि पाण्यात झटकली. साऱ्या दुनियेत त्यांच्या बाजूने बोलणारा तेवढा एकच साक्षीदार होता.

सोमवारी बोट निघाली आणि काटा टुणकन उठून पस्तिसावर गेला. सोनबांचा चेहरा उजळला. दोन क्षण. मग त्यांनी मॅडमकडे पाहिलं.

"मीटर तर उत्तम चालतोय," वासंती मॅडम म्हणाल्या.

"काल साफ केला मी."

"का?"

"तुमी येनार म्हून."

मॅडमनी पेन उचललं. पहिल्यांदाच त्यांना टोमणा सुचला नसावा.

"पन सात मिन्टात पोचतो का न्हाई बगा ना!" सोनबा ओरडले. पोचलेही. सात मिनिटांना पाच सेकंद कमी. पण आज कसे पोचलात, हे कुणी विचारलंच नव्हतं.

उत्तरेश्वर सगळा वेळ काट्याकडे बघत होते. काठावर उतरताना एवढंच म्हणाले, "म्हणजे चालू होता तर." आणि मागे न बघता रस्त्याकडे चालू लागले.

"दादा, ऐका तर... गाळ व्हता त्यात! मी पाण्यात टाकला!" सोनबा मागे धावले. आपण काय बोलतोय हे त्यांच्याच कानांना ऐकू आलं तेव्हा ते थांबले.

नोकरी गेली, त्याचं काही नाही. महिना झाला, तुळजाबाईंच्या गॅसचा बर्नर अर्धाच पेटतोय. भाकरी एका बाजूने करपते, दुसरीकडून कच्ची राहते.

"अहो, पिन घ्या की जरा."

सोनबा समोरच पाटावर बसलेले असतात, पिन खिशात असते.

"ऱ्हाऊ दे तसाच," ते म्हणतात. "उद्या कुनी चौकशीला आलं म्हंजे?"

आणि करपलेली बाजू वर करून, गपचूप जेवतात.