चार मिनिटांचा लेख

मोबाइलवरच्या बातम्यांच्या ॲपमध्ये मी मथळा बघूनच लेख सेव्ह करायचो आणि न वाचताच ओळखीपाळखीच्यांना धाडून द्यायचो. आमच्या बोईसरच्या घरी सातपाटीहून मासे घेऊन येणाऱ्या मावशींनाही ‘निरोगी राहण्याचा सोपा मार्ग’ असाच धाडला. दुसऱ्या दिवशी त्या आमचं दार टाळून थेट शेजारी पापलेटं द्यायला बसल्या.

“मावशी, आमच्याकडे?”

“तुमीच ना लेख धाडला? मासे सोडा, असं लिवलंय त्यात. मी अख्खा वाचला.”

जेवताना बायकोने माझ्या ताटात दुधीची भाजी आदळली. संतापून मी तो लेख उघडला. वरच लिहिलं होतं, वाचायला लागणारा वेळ चार मिनिटं. चार मिनिटं! एवढा वेळ आहे कुणाला? मी तो पुन्हा सेव्ह करून ठेवला.