हद्दीवरचा ओला दगड

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो आणि नांदेडहून माझी लातूरला बदली झाली. नव्या जिल्ह्याला सगळ्यात आधी काय लागतं, तर पाट्या. कचेऱ्यांच्या पाट्या, रस्त्यांच्या पाट्या, हद्दीचे दगड. अहमदपूरच्या अलीकडे, जिथं नांदेड जिल्हा संपतो, तिथं उस्मानाबादचं नाव कोरलेला जुना दगड होता. तो उपटून लातूरचा नवा बसवायचं काम माझ्याकडं आलं. उपटलेला दगड कुणी नेईना, म्हणून तो बाभळीला टेकवून ठेवला, आणि वाटसरू चुकू नयेत म्हणून त्याच्यावरचं नाव डांबर फासून पुसून टाकलं. मजूर होते, तरी ब्रश मीच हातात घेतला. नवी खुर्ची मिळाली की माणसाचे हात शिवशिवतात, दुसरं काय!

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. नांदेडच्या आमच्या घरी नळाला तीन दिवसांआड पाणी यायचं. बायकोनं सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून हंडे, घागरी, कळशा, सगळ्यांची तोंडं आवळून टाकली होती. उन्हानं वाफ होऊनसुद्धा पाणी जाता कामा नये, असा दंडक होता. एखादं झाकण तिरकं दिसलं की मी घर डोक्यावर घ्यायचो. त्याच झपाट्यात मी गाडीचाही बंदोबस्त केला. गाडी जुनी, पेट्रोलची, माझ्याकडं यायच्या आधी दोघांनी वापरलेली. टाकीच्या झाकणापाशी पेट्रोलचा वास यायचा. मी ट्यूबची एक गोल चकती कापली आणि झाकणात आतून घट्ट बसवली. वास बंद झाला. आपल्या अकलेवर मी बेहद्द खूश होतो.

शनिवारी नांदेडला घरी यायचं आणि सोमवारी सकाळी टाकी काठोकाठ भरून लातूरला निघायचं, असा माझा क्रम होता. चकती बसवल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी लोहा मागं टाकलं, माळाकोळी मागं टाकली, आणि हद्द दिसायला लागली तशी गाडी आचके द्यायला लागली. पाय दाबावा तर जोर येईना. दोनदा खोकली आणि बंद पडली. घरंगळत गेली ती नेमकी बाभळीखालच्या त्या दगडासमोर थांबली. काटा टाकी भरलेली दाखवत होता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. चुकलो, दोन कावळे होते, चोची उघड्या टाकून बसलेले, पण त्यांच्या तोंडून आवाज निघत नव्हता.

मी बॉनेट उघडून प्लग पुसत होतो तेवढ्यात मागून आवाज आला. चार शेळ्या घेऊन एक म्हातारी उभी होती.

"ह्याचं नाव तुमीच पुसलं न्हवं का साहेब?" ती म्हणाली. "त्योच आडवून राहिला बगा. लई वर्सं वाट दावली त्यानं. एक नारळ द्या, सोडंल."

मी हसलो. वीसेक मिनिटं खुडबुड केली, किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली. पुढच्या सोमवारी ती तिथंच बंद पडली. त्याच्या पुढच्याही.

नांदेडच्या मेकॅनिकनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. पॉइंट घासले, फिल्टर बदलला, कार्बोरेटर खोलून धुतला, इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपाचा पडदा नवा घातला, नळीत तोंडानं फुंकर मारली. उन्हानं पेट्रोलची वाफ होत असेल म्हणाला, म्हणून प्यायच्या पाण्यात फडकं भिजवून मी पंपावर ठेवलं. माझ्या शेजारी बसून तो लोह्यापर्यंत आला, तर गाडी सुतासारखी सरळ. "हिला काही झालेलं न्हाई साहेब," म्हणाला आणि एसटीनं परत गेला. पुढं हद्दीवर गाडी आचके देऊन बंद पडली.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. शनिवारी लातूरहून येताना गाडी कधीच थांबत नव्हती. बिघाड असता तर दोन्हीकडून झाला असता. फक्त जातानाच, आणि फक्त नव्या जिल्ह्यात शिरताना? मला खरंच भीती वाटायला लागली. दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात.

चौथ्या सोमवारी मी नारळ घेऊन निघालो.

हे किती लाजिरवाणं होतं ते कळायला माझे वडील माहीत पाहिजेत. बाबा नांदेडच्या गिरणीत फिटर होते. छप्पन साली आमच्या घरानं धम्म स्वीकारला तेव्हा देव्हाऱ्यातले देव त्यांनी आपल्या हातानं गोदावरीत सोडले. त्यानंतर घरात त्यांचं एकच म्हणणं होतं, कारणाशिवाय काही घडत नाही; कारण हुडकायचं, त्याच्या पाया पडायचं नाही. त्यांनी डबल ड्यूटी करून मला शिकवलं ते याचसाठी. आणि मी, सरकारी ओव्हरसियर, रस्त्याकडेच्या दगडापुढं नारळ सोलत बसलो होतो. नारळ फोडला, डोळे मिटून बसलो, मनातल्या मनात माफी मागितली. उठून किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

मग दर सोमवारी नारळ, आणि दर सोमवारी गाडी सुरू. पण आता निराळंच काही दिसायला लागलं. दगड ओला असायचा. नदी आटलेली, विहिरींचे तळ उघडे पडलेले, मातीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि हा एकटा दगड डांबराच्या पट्ट्यापासून बुडापर्यंत ओला. त्याला घाम फुटल्यासारखा. जवळपास माणूस नाही. म्हातारी दिसलीच तर दूर टेकाडावर शेळ्यांमागं. त्या ओलीकडं न बघता मी नारळ फोडायचो आणि पळ काढायचो.

एका रविवारी बाबा म्हणाले, "उद्या मी येतो तुझ्यासंगं. खोली तरी बघतो तुझी."

नाही म्हणायला निमित्त सापडेना. डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला नारळ होता. सबंध रस्ताभर मी एकच विचार करत होतो. बाबांसमोर नारळ फोडला तर त्यांच्या नजरेतून कायमचा उतरेन. नाही फोडला आणि गाडी निघालीच नाही, तर? माळाकोळी गेली तसे बाबा कान देऊन ऐकायला लागले.

"उपाशी पडून राहिलंय इंजिन," ते म्हणाले.

गाडी खोकली आणि दगडासमोर थांबली. बाभळीखाली आज म्हातारी बसली होती, हातात पितळी तांब्या. ती उठून जवळ आली.

"आज नारळ न्हाई का साहेब?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त हात पुढं केला आणि म्हणाले, "टाकीची किल्ली दे."

झाकण सैल झालं तसा सूऽऽ असा लांबलचक आवाज आला. कुणी कोंडलेला श्वास सोडावा तसा. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दगडाला हात जोडले. बाबांनी झाकण उलटं करून आतली चकती नखानं उचकटली.

"हे कुनी बसवलं?"

"मी."

"झाकणाला बारीक भोक असतं. तेवढी हवा आत गेली तरच पेट्रोल बाहेर येतं. तू भोकच बुजवलंस. बाटलीला तोंड लावून ओढत राहा, येईल का पाणी?" मग त्यांनी विचारलं, "येताना टाकी अर्धी असती ना? तिच्यात हवा मुबलक, म्हणून घरापातूर पुरती. भरल्या टाकीत हवा कमी, म्हणून इथं दम संपतो. नारळाला किती वेळ लागायचा?"

"पंधरा-वीस मिनिटं."

"तेवढ्यात थोडी हवा झिरपती, अन् टाकीत जागा झालेली असती, म्हणून लातूरपातूर पुरती. इथं बसून नुसती बिडी वढली असतीस तरी निघाली असती."

मी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. मला हायसं वाटलं, अगदी रडू येईल इतकं. तेवढ्यात म्हातारीनं तांब्या दगडावर उपडा केला. डांबरावरून पाणी ओघळलं आणि खालच्या भेगांत दिसेनासं झालं.

"माय, पाणी कुठलं हे?" बाबांनी विचारलं.

"टँकरचं. चार दिसाला दोन घागरी मिळत्यात."

"अन् दगडावर वततीस?"

"एकच तांब्या, सोमवारचा. साहेब यायच्या आदी वतून जाते. आज शेळ्यांनी उशीर केला." मग ती माझ्याकडं बघून हसली. "पयल्यांदा म्या थट्टाच केली हुती साहेब. नवा साहेब, घाबरवावं म्हनलं जरा. पर तुमच्यावानी शिकलेला मानूस पाया पडून राहिला, तव्हा कळलं, हाय काहीतरी."

लातूरला गाडीतून उतरल्यावर बाबांनी चकती माझ्या हातावर ठेवली.

"रबर मी काढलं," ते म्हणाले. "तांब्या तू थांबव."

त्यानंतर गाडी हद्दीवर कधीच बंद पडली नाही. पुढच्या सोमवारी मीच ती बंद केली. म्हातारीला बोलावलं, टाकीचं झाकण उघडून दाखवलं, चकती दाखवली, भोक दाखवलं, हवा कशी जाते ते फुंकून दाखवलं. तिच्यासाठी नांदेडहून पाण्याचा एक कॅन आणला होता, तो तिच्यापुढं ठेवला. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "हाव साहेब, हाव," म्हणाली. मग कॅन वाकवून तांब्या भरला आणि पहिला तांब्या दगडावर ओतला.