दोन डाव्या बाह्या

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, शर्टांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं होती. एवढी वर्षं कारखान्यात काढली म्हणजे बाईला शर्ट शिवता येत असणार, असं लोकांना वाटतं. ताईनं त्या एकोणतीस वर्षांत एकही शर्ट शिवला नव्हता. ती खिसे लावायची. कॉलरवाली वेगळी, काजवाली वेगळी, बटणवाली वेगळी, ताईकडे खिसा. शर्टाला खिसा एकच, तोही डाव्या बाजूला. तिची सगळी नोकरी शर्टाच्या डाव्या छातीवर गेली. उजव्या बाजूचं तिला कुणी काही विचारू नये.

तिच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण मला लिहिण्याची सवय नाही. मी आयुष्यभर एका ग्रंथालयात दुसऱ्यांच्या पुस्तकांवर शिक्के मारले. कुठे वाकडं गेलं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

ताईनं लग्न केलं नाही आणि माझी बायको वारली, तेव्हापासून आम्ही दोघं एकाच घरात राहतो. निवृत्त झाल्यावर ताईनं पायमशीन घेतलं, ते पुढच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलं आणि म्हणाली, "आता मी अख्खा शर्ट शिवणार." त्याच महिन्यात गॅलरीतून एक राखी रंगाचा बोका आत आला, मशीनच्या पाटावर चढला आणि पसरला. ताईनं त्याचं नाव मॅनेजर ठेवलं. म्हणाली, "आमचा अगदी असाच होता. वेळेवर यायचा, दुसऱ्याच्या कामावर बसायचा आणि डोळे मिटायचा."

कारखान्यातला मॅनेजर तिला कधी आवडला नव्हता. याच्यावर मात्र तिचा जीव जडला. मशीनचा खण उघडल्याचा आवाज आला की तो घरात असेल तिथून येई. ती पाय मारायला लागली की त्याची घुरघुर सुरू होई आणि ती थांबली की हाही थांबे. शिवण पुरी झाली की ती कापड त्याच्या नाकापुढे धरून विचारायची, "कशी आली?" तो डोळे मिटायचा. ती म्हणायची, "पास."

एवढा सोपा तपासनीस मिळाल्यावर काय होणार?

तिच्या शर्टाला कॉलर उत्तम असे, काजं नीट असत, खिशाबद्दल तर बोलायलाच नको. घोटाळा बाहीत होता. बाहीला पुढची आणि मागची बाजू असते, त्यामुळे डावी आणि उजवी या एकमेकींच्या उलट असतात. शिंपी कापडाची दुहेरी घडी घालून कापतात, म्हणजे दोन्ही आपोआप निघतात. ताईला घडी घालता येत नसे, कारण अर्ध्या कापडावर मॅनेजर झोपलेला. झोपलेल्या जिवाला उठवणं तिच्या स्वभावात नाही. मग ती उरलेल्या एकेरी कापडावर कागदाचा नमुना ठेवून एक बाही कापायची, आणि तोच कागद तसाच जरा सरकवून दुसरी. निघायच्या दोन्ही डाव्या.

तो शर्ट घातला की डावा हात सुखात असे, पण उजवा, कुणी मागून दंडाला धरून ओढत असावं तसा पाठीकडे जाई. पहिला शर्ट घालून मी ग्रंथालयातल्या जुन्या सोबत्याला भेटायला गेलो, तर तो म्हणाला, "खांद्याला काय झालं? दाखवलंस का कुणाला?"

ताईला हे सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, ताईनं दिलेला शर्ट पिशवीतून आणायचा, आमच्या जिन्यात अंगावर चढवायचा आणि मग घंटी वाजवायचा. परत जाताना पुन्हा जिन्यात थांबायचा. मी त्याच घरात राहत असल्यामुळे मला जिन्याची सोय नव्हती. मी नाक्यावरच्या शिंप्याकडे गेलो.

त्यानं शर्ट उलटासुलटा केला. म्हणाला, "आजोबा, कापड दोन्ही अंगांनी सारखं आहे म्हणून वाचलात. उजवी बाही उलटी करून लावून देतो. पण उसवून तुम्ही आणा. ही शिवण म्हणजे लोखंड आहे, मला तेवढा वेळ नाही."

तेव्हापासून तसंच चालू झालं. ताईनं शर्ट दिला की मी एकदा घालून दाखवायचा, धुवायला टाकतो म्हणून काढायचा, ती घरात नसताना उजवी बाही उसवायची आणि शिंप्याकडे पोचवायचा. पुढच्या वेळी घातला की ताई लांबून बघायची आणि म्हणायची, "धुतल्यावर काय सुरेख बसलाय बघ! नवं कापड थोडं अंगाशी यायला वेळ घेतंच." मी हो म्हणायचो. सात वर्षं मी डोळे मिटून दूध पीत होतो.

त्या मंगळवारी ताई डोळ्यांच्या डॉक्टरकडे चष्म्याचा नंबर तपासायला गेली. मी मागच्या खोलीत पलंगावर बसून गडद निळा शर्ट उसवायला घेतला. थोड्या वेळानं मॅनेजर आला आणि माझ्या पायाशी बसला. एवढ्या वर्षांत तो माझ्याजवळ आपणहून कधी बसला नव्हता. मला बरं वाटलं. मी त्याच्याशी दोन शब्द बोललोसुद्धा. दोऱ्याचे तुकडे जमिनीवर पडत होते, ते नंतर गोळा करू म्हटलं. नंतर गोळा केले तेव्हा कमी वाटले नाहीत. वाटायला मी मोजले कुठे होते?

बुधवारी त्यानं खाल्लं नाही. गुरुवारी सकाळपासून उलट्या. ताईनं त्याला टोपलीत घातलं आणि आम्ही दोघं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोट दाबून पाहिलं, फोटो काढला आणि म्हणाल्या, "लगेच उघडावं लागेल." आम्ही बाकावर दोन तास बसलो. ताईनं रिकामी टोपली मांडीवर धरली होती. शेवटी बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात काचेची छोटी बाटली होती आणि बाटलीत दोरा. गडद निळा.

"वाचेल," त्या म्हणाल्या. "घरात शिवणकाम चालतं का?"

मी तोंड उघडलं. पण ताई माझ्या आधी बोलली. "माझंच," ती म्हणाली. तिनं बाटलीकडे पाहिलंही नाही.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी बाटली खिशात टाकली.

आता ताईची एक रीत सांगायला हवी. कारखान्यात दोऱ्याचा तुकडा जमिनीवर दिसला की दंड होई, म्हणून तिनं मशीनला पत्र्याचा डबा बांधलेला आहे. कापलेला प्रत्येक दोरा त्यात जातो. सात वर्षांत आमच्या पुढच्या खोलीत मी दोरा पडलेला पाहिला नाही. तिलाही ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती खचली. आपल्या हातून दोरा पडला आणि आपल्याला दिसला नाही, म्हणजे आता आपला भरवसा उरला नाही, असं तिनं धरलं.

"अगं, नंबर तसाच आहे म्हणाले ना डोळ्यांचे डॉक्टर?" मी म्हणालो.

"म्हाताऱ्या माणसाला कोण खरं सांगतं?" ती म्हणाली.

मी खिशातली बाटली चाचपली.

शुक्रवारी तिनं मशीनवर चादर टाकली. मॅनेजर पोटाला टाके घेऊन घरी आला, चादरीपाशी गेला, तिथेच बसून राहिला आणि ओरडला. ताई त्याला उचलून स्वयंपाकघरात नेई. तो पुन्हा येई. शनिवारी भाचा आला, पहिल्यांदाच जिन्यात न थांबता, स्वतःच्या शर्टात.

"मी मशीन देऊन टाकणार," ताई म्हणाली. "बायकांच्या शिवणवर्गाला. सोमवारी दहाला न्यायला येतील. पुन्हा त्याच्या पोटात काही गेलं तर मला स्वतःचं तोंड बघवणार नाही."

"अगदी बरोबर मावशी," भाचा म्हणाला. तो इतक्या पटकन म्हणाला की मी चपापलो. "मुक्या जिवापुढे शर्ट काय मोठा! तू आता आराम कर. टीव्ही बघ."

"टीव्हीपुढे हातांचं काय करू?" ताईनं विचारलं. ते त्याला कळलं नाही. मला कळलं.

रविवार मी कसा काढला ते सांगत नाही. चार वेळा तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. चारही वेळा तिनं विचारलं, "चहा हवाय का?" आणि मी हो म्हणालो.

सोमवारी दहाला दोन माणसं आली. त्यांनी मशीन उचललं. ताई मॅनेजरला कडेवर घेऊन दाराशी उभी होती, त्याला दिसू नये म्हणून त्याचं तोंड स्वतःच्या खांद्याकडे वळवून. मशीन उंबऱ्यापर्यंत आलं तेव्हा मला वाचा फुटली, तीही त्या माणसांपाशी.

"खाली ठेवा," मी म्हणालो. "दोरा मी टाकला."

"कसला दोरा?" पुढचा म्हणाला.

"बोक्याच्या पोटातला. ताई, तो तुझ्या हातून नाही पडला. तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलीस तेव्हा मी शर्ट उसवत होतो. हा बघ." मी बाटली पुढे केली.

ताईनं चष्मा सारखा करून दोरा उजेडात धरला. "वळ्या पडल्यात," ती सावकाश म्हणाली. "शिवणीतून काढलेला आहे. टाका माझाच. पण हा रिळावरचा नाही… म्हणजे माझ्या हातून नाही?"

"नाही."

"माझ्या हातून नाही पडला!" ती त्या दोन अनोळखी माणसांना म्हणाली, आणि मग मॅनेजरच्या कानात, "ऐकलंस का रे? आपण नव्हे!"

"मावशी, न्यायचं की ठेवायचं?" मागच्यानं विचारलं. त्याचे हात भरून आले होते.

"ठेवा, ठेवा, खिडकीपाशी ठेवा. बसा, चहा घेऊन जा."

तिनं त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, मलाही दिली. माणसं गेली. मला वाटलं, सुटलो. ताईनं कप धुतले, उपडे घातले, हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "शर्ट का उसवत होतास?"

मी सांगितलं. दोन्ही बाह्या डाव्या, शिंपी, उलटी करून लावणं, सगळं.

"किती शर्ट?"

"सगळे."

"सगळे म्हणजे?"

"अकरा."

तिनं पुसलेले हात पुन्हा पुसले. मग म्हणाली, "आणि मी तुझ्याकडे बघून म्हणत बसले, काय सुरेख बसलाय! मी त्या नाक्यावरच्या मेल्याचं कौतुक करत होते?"

"कॉलर तुझीच असायची," मी म्हणालो.

"गप्प बस."

दुपारी ती चप्पल घालून नाक्यावर निघाली. मी मागून. शिंपी आम्हाला बघून उभाच राहिला. त्याला वाटलं, आजी भांडायला आल्या. ताईनं त्याच्यापुढे निळा शर्ट टाकला.

"माझं काय चुकतं ते दाखव," ती म्हणाली.

"आजी, तुमची शिवण उसवायची म्हणजे…"

"गोडबोलेपणा याच्याजवळ कर. मला बाही दाखव."

त्यानं कागदाचा नमुना घेतला, एकदा ठेवला, मग पुस्तकाचं पान उलटावं तसा पालथा करून पुन्हा ठेवला. "दुसरी कापताना कागद उलटा करायचा. मग कापडावर कुणीही झोपो."

"एवढंच?" ताई म्हणाली.

"एवढंच."

परत येताना ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती. एकदाच मागे वळली. "सात वर्षं," ती म्हणाली. "तुला एक वाक्य जड झालं."

त्यानंतर तिनं शिवलेली पहिली वस्तू म्हणजे डॉक्टरीणबाईंसाठी पांढरा कोट. मॅनेजर अर्ध्या कापडावर झोपला होता, तिनं कागद पालथा केला आणि बाह्या निघाल्या एक डावी, एक उजवी. बाई तो रोज दवाखान्यात घालतात, सगळ्यांदेखत. तो बघून दवाखान्यात येणाऱ्या दोघींनी त्यांच्याकडून ताईचा पत्ता घेतला. भाच्याचे पाचही शर्ट तिनं परत मागवले आणि दुरुस्त करून दिले. तो आता एक घालून कामावर जातो आणि कुणी विचारलं तर "मावशीनं शिवलाय" असं मोठ्यानं सांगतो.

मला मात्र ती शिवून देत नाही. मी एकदा कापड आणून मशीनच्या पाटावर ठेवलं. तिनं त्याची घडी करून माझ्या हातात दिली. "तुला शिंपी आहे की," ती म्हणाली. "अकरा वेळा जमलं, बाराव्यांदा जमेल."

आता मी दुकानातून तयार शर्ट आणतो. त्यांच्या बाह्या व्यवस्थित असतात, खटकण्यासारखं काही नाही, पण ते घालून मी तिच्यासमोरून गेलो तर ती मान वर करत नाही. तिचं बोलणं, जेवण, औषधाची आठवण, सगळं पूर्वीसारखं आहे. फक्त शर्टाचा विषय निघत नाही. मॅनेजरच्या मनात माझ्याबद्दल काही नाही, कारण त्याला कुणी काही सांगितलेलं नाही.

तिची मापांची एक वही आहे. ती काही कुलपात नसते, मशीनच्या खणात वरच असते. एकदा ताई भाजी आणायला गेली तेव्हा मी काढून पाहिली. डॉक्टरीणबाई आहेत, त्या दोघी आहेत, भाचा आहे. माझंही माप आहे, पहिल्याच पानावर: छाती, खांदा, बाहीची लांबी. तिनं ते खोडलेलं नाही. मी आठवड्यातून एकदा बघून ठेवतो.