पलंगामागची भिंत

"बाबूजी, आपने तो कहा था, घर में सीलन नहीं है."

छातीच्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून हे बोलल्या तेव्हा मी बाहेर बाकावर होतो. मांडीवर माझ्या बायकोच्या, सुमनच्या, सिटी स्कॅनची पिशवी. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. ते मला अजून धड म्हणता येत नाही. मतलब असा, की भिंतीवरची बुरशी हवेतून रोज छातीत जाते, शरीर तिच्याशी भांडत बसतं आणि फुप्फुस सुजतं. फार दिवस चाललं तर कडक होतं. कडक झालेलं पुन्हा मऊ होत नाही.

सीलन म्हणजे ओल. ती घरात होती. मी खोटं बोललो होतो.

मी अकोल्याकडचा, चौथी शिकलेला. रेल्वेत पाइप फिटर होतो. बदली होऊन जयपूरला आलो आणि बस्सीच्या बाजूला एक जुनं घर घेतलं. नळाला पाणी तासभरच येतं, म्हणून झोपायच्या खोलीला लागून जमिनीत हौद बांधला, माझ्या हातानं. गल्लीत कुणाचा नळ गळो, छत टपको, बोलावणं मलाच. सगळे मिस्त्रीजी म्हणतात. अशा माणसानं माझ्याच भिंतीला ओल आहे म्हणून सांगायचं?

दर दिवाळीआधी मी खोलीची हौदाकडची भिंत तारेच्या ब्रशनं खरडायचो. खाली पडलेली पांढरी, काळी पूड सुमन झाडून काढायची. वरून रंग. पुढे त्याचाही कंटाळा आला, तेव्हा पलंगामागच्या त्या भिंतीवर प्लास्टिकचे पॅनल ठोकून टाकले. पाहुणे म्हणाले, हॉटेलसारखं दिसतं. मी फुगलो. त्या भिंतीकडे उशी सुमनची होती.

पुढच्या पावसाळ्यानंतर तिला कोरडा खोकला लागला. संध्याकाळी कणकण. भांडी घासताना मध्येच थांबायची. भाचीच्या लग्नाला सुमनच्या माहेरी पंधरा दिवस राहिलो तर खोकला गायब. परत आलो, तीन दिवसांत हजर.

मी म्हणालो, "माहेरची हवा मानवली बाईले."

"हवा नाही हो, ते भिंत हाय," ती म्हणाली.

"तुले काय कळते भिंतीतलं? फिटर तू का मी?"

आधी दम्याचा पंप झाला. मग मोठ्या दवाखान्यात पीएफटी, म्हणजे नळीत फुंकर मारायची तपासणी. तिथला माणूस "और जोर से, माताजी, और, और" ओरडत होता आणि सुमन रडकुंडीला आली होती.

डॉक्टरीणबाई प्रश्न तिला विचारत, उत्तर मी देई. आमच्यात ते तसंच चालत आलं. बँक असो, शाळा असो, बोलणार मी. तिची हिंदी वऱ्हाडी, लोक हसतात.

"कबूतर हैं घर में?" "नहीं जी." "कूलर का पानी सड़ता है?" "नहीं जी, मैं खुद साफ करता हूँ." "दीवारों में सीलन?" "नहीं जी."

पहिली दोन खरी होती. सुमननं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

त्या एका "नहीं जी"वर चार महिने गेले. ती भरती झाली, आठ दिवसांत तिला बरं वाटायला लागलं. घरी आणली, पाचव्या दिवशी ओठ निळे. बोटाला लावायचं मशीन, ऑक्सिमीटर, चौऱ्याऐंशी दाखवत होतं. पुन्हा भरती. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आप जरा बाहर बैठिए. आज माताजी बोलेंगी."

दार पूर्ण लागलं नव्हतं. सुमन धापा टाकत बोलत होती. "पलंग के पीछू... पूरी भिंत काली हाय. इनोने ऊपर से झाक दी. पर इनको मत बोलना... इनको बहुत बुरा लगेगा."

मग डॉक्टरीणबाई दारात येऊन ते सीलनचं बोलल्या, तरीही मी अडून बसलो. डॉक्टरीणबाईंना म्हणालो, सीलन तर आमच्या पूर्ण मोहल्ल्यात आहे. त्या म्हणाल्या, "मोहल्ला भर्ती नहीं है, बाबूजी. ये भर्ती हैं."

त्यांना खोटं पाडायचं म्हणूनच मी घरी जाऊन पॅनल उचकटले. मागे काळी-हिरवी बुरशी, ओल्या घोंगडीसारखी जाड. वास असा, की मी अंगणात पळालो. मग हौदात पाण्याच्या पातळीला खडूची रेघ मारली, पाणी वापरणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी पाणी चार बोटं खाली. गळतीची ही तपासणी मी गल्लीत किती जणांना शिकवली असेल. स्वतःच्या हौदाला कधी लावली नव्हती.

सुमनला दवाखान्यातून सरळ मुलाच्या फ्लॅटवर, वैशाली नगरला नेलं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तोंड सुजलं, साखर वाढली, रात्र रात्र झोप नाही. गोळी आता कमी झाली आहे, घरातला ऑक्सिजनही सुटला. पण उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग गेला तो गेला. मी तीनदा विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तिन्ही वेळा तेच, शांतपणे सांगितलं. त्यांचे उपकार मानतो, मला बाहेर काढल्याबद्दल सगळ्यात जास्त.

हौद मी दगडमातीनं बुजवला. भिंतीचा गिलावा विटेपर्यंत काढायला माणसं लावली, तोंड बांधून, भिंत ओली करून. जुन्या घरात राहणाऱ्यांनो, बुरशी कोरडी खरडू नका. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. वरून झाकलं की ती मरत नाही, पोसते. आणि आजारी माणसाच्या वतीनं बोलू नका.

परवा सोसायटीत फेरी मारताना सुमन बाकावर बसली. मी विचारलं, "पहिल्याच दिवशी डॉक्टरले का नाही सांगितलं?"

"तुमी बसले होते ना जवळ."

एवढं बोलून तिला धाप लागली. मी तिचा श्वास खाली बसेपर्यंत थांबलो. मग ती उठली, म्हणाली, "चला." मी तिच्या पावलानं चालू लागलो.