कडेगावच्या ढोलकीची उजवी बाजू

दोन वर्षं मी ढोलकी शिकतेय आणि दोन वर्षांत एकदाही जिवंत माणसांबरोबर वाजवली नव्हती. नाशिकच्या आमच्या क्लासमध्ये सर मोबाइलवर पेटीचा ट्रॅक लावतात आणि आम्ही चौघी-पाचजणी त्यावर हात चालवतो. मोबाइलला दम लागत नाही, तो मध्येच खोकत नाही, त्याला चहा लागत नाही. त्यामुळे मला वाटायचं, आपलं चांगलं चाललंय.

मी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करते. शेजारच्या टेबलावर बसणारी मनीषा कडेगावची. डबा खाताना मी एकदा क्लासचं रडगाणं लावलं, तर ती म्हणाली, "वैशालीताई, आमच्या गावी जा ना. पप्पा आणि त्यांची मंडळी दर रविवारी दुपारी रशीदचाचांच्या दुकानात गायला बसतात. क्लास नाही, कार्यक्रम नाही, नुसतं बसायचं. कुणीही जातं."

"कुणीही" हा शब्द मी घट्ट धरून ठेवला आणि सोमवार-मंगळवारची रजा टाकली.

वाटेत म्हसवड करायचं हेही मनीषानंच सुचवलं. तिथे धनगरी ओव्या ऐकायला मिळतात, म्हणाली. शुक्रवारी पुण्यात बहिणीकडे मुक्काम केला आणि शनिवारी सकाळी सहाला स्वारगेटवरून साताऱ्याची साधी एसटी पकडली. बायकांना निम्मं तिकीट असल्यामुळे हा सगळा प्रवास एसटीनं फारच परवडतो, पण साध्या गाडीत बसायचं तर पाठीला एक उशी घ्या. शिरवळला गाडी दहा मिनिटं थांबली. कारखान्यांची पहिली पाळी नुकतीच आत गेली होती, त्यामुळे टपरीवर गर्दी नव्हती आणि वडा कढईतून थेट कागदावर आला. साताऱ्याला गाडी बदलली. पुसेगाव सोडल्यावर हिरवळ विरळ होत जाते, टेकड्या उघड्या पडतात आणि मधेच डाळिंबाची बाग दिसली की डोळ्यांना बरं वाटतं. डिसेंबर होता. दहिवडीपर्यंत मी स्वेटर काढला नव्हता.

म्हसवडला सिद्धनाथाचं दर्शन घेतलं. दगडी पायऱ्यांच्या सांध्यांत गुलाल इतका मुरलाय की तळपाय गुलाबी होऊनच बाहेर पडतात. मंदिराबाहेर घोंगड्या विकणाऱ्या बिराप्पा तात्यांना ओव्यांबद्दल विचारलं. सत्तरीचे असतील. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "जेवलाय का? न्हाई? मग आदी जेवा. चार वाजता लिंबाखाली या. आमी बसतोय."

जवळच्याच खानावळीत बाजरीची भाकरी, मटकीची आमटी आणि मिरचीचा असा ठेचा खाल्ला की त्याचा जाळ चार वाजेपर्यंत ओठांवर होता. लिंबाखाली दोन घोंगड्या समोरासमोर अंथरल्या होत्या. एका बाजूचे तिघे ओवी टाकत, दुसऱ्या बाजूचे तिघे ती उचलून धरत आणि मधोमध ढोल. मी चप्पल काढून कडेला बसले आणि बसता बसता मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. ओवी थांबली.

तात्या रागावले नाहीत. "ताई, त्यो डबा आत ठिवा. आदी कान भरून घ्या. मग इचारा, मग काय भरायचं ते भरा."

मी मोबाइल पिशवीत टाकला. मग त्यांनी मला सरकायला सांगून घोंगडीवर जागा दिली, कपाळाला भंडारा लावला आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांबरोबर ओवीचं शेवटचं पद धरायला लावलं. चुकलं तरी कुणी वळून पाहिलं नाही. तासाभरानं तात्या स्वतःच म्हणाले, "आता काढा तुमचा डबा." तोवर मला काढावासाच वाटेना.

स्टँडजवळच्या साध्या लॉजवर झोपले. खोली स्वच्छ होती, गरम पाणी मात्र सकाळी बादलीनं मागून घ्यावं लागतं. झोपताना मी स्वतःवर खूश होते. एका दिवसात बैठकीची रीत शिकले, असं वाटत होतं.

रविवारी मायणीला आणि विट्याला गाडी बदलत कडेगावला पोचायला अकरा वाजले. ऊसतोडीचे दिवस. दर दहा मिनिटांनी उसानं ओथंबलेली ट्रॉली समोरून यायची आणि एसटी कडेला अंग चोरून उभी राहायची. मनीषाचे वडील स्टँडवर स्कूटर घेऊन आले होते. विलासराव लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, सगळं गाव त्यांना सुभेदारच म्हणतं. त्यांनी माझी पिशवी हातातून काढूनच घेतली.

"लेकीनं सांगितलंय, ताई लय गुणी हाय म्हणून. चला, काकूनं जेवाण केलंय."

काकूंनी वाटण लावलेली वांग्याची भाजी केली होती. तिसरी भाकरी नको म्हणाले तर त्यांनी ती मोडून दोन अर्ध्या वाढल्या.

रशीदचाचांचं पत्र्याच्या कामाचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला आहे. धान्याच्या कोठ्या, पन्हळी, कोंबड्यांना दाणे घालायची भांडी असला माल. रविवारी दुपारी माल भिंतीला सारतात आणि सतरंजी घालतात. सहा-सात माणसं जमली होती. एक पेटीवर, बाकीच्यांच्या हातात टाळ. चाचा दाराजवळ भिंतीला टेकून बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर विणलेली टोपी, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मला पाहून म्हणाले, "या ताई. हितं बसा, हितं वारं लागतंय." कुणीतरी माझ्या हातात टाळ दिले. नव्या माणसाला टाळच देतात, हे मला नंतर कळलं. टाळ वाजवताना बाकीच्यांचे हात बघावेच लागतात.

सुभेदारांचा आवाज पहाडी. एक भजन झालं, मग लग्नातलं एक गाणं, मग चाचांनी मोहरमच्या दिवसांत म्हणतात त्यातलं एक पद म्हटलं आणि सगळ्यांनी ते धरलं. पण काहीतरी कमी होतं. ढोलकी नव्हती. मान वर केली तर होती! खुंटीला टांगलेली, चौकड्याच्या कापडात गुंडाळलेली.

माझी बोटं शिवशिवली. पुढचं भजन सुरू झाल्यावर मी सुभेदारांकडे वाकून कुजबुजले, "ढोलकी कुणी वाजवत नाही का? मी घेऊ?" सुभेदारांनी डोळे मिटून जोरात मान हलवली. मला ते 'घ्या की' वाटलं. खरं तर ते समेवर आले होते.

मी उठले, ढोलकी उतरवली, कापड सोडलं, दोऱ्यांच्या कड्या ओढल्या आणि पहिली थाप दिली.

गाणं एका ओळीच्या मधोमध थांबलं. टाळ थांबले. पेटीवाल्यानं भात्यावरचा हात काढला. रशीदचाचा भिंतीला धरून उठले, "पानी पिऊन येतो," म्हणाले आणि बाहेर पडले. ते परत आले नाहीत.

घरी जाताना सुभेदारांनी स्कूटर हळू चालवली आणि सगळं सांगितलं. चाळीस वर्षं या बैठकीची ढोलकी चाचांचीच. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. पत्र्याची मोठी कामं आता पुतण्या करतो, चाचा बसल्या जागी भोकांना झाळीचे डाग तेवढे देतात, डाव्या हातानं. ढोलकी तेव्हापासून खुंटीवर. विट्याचा एक चांगला वाजवणारा यायला तयार होता, पण सगळ्यांनी मिळून त्याला नको म्हटलं. चाचांसमोर दुसऱ्या कुणी त्यांच्या ढोलकीला हात लावायचा नाही, असं न बोलता ठरलं होतं.

"तुमची चूक न्हाई ताई," सुभेदार म्हणाले. "तुमास्नी कोण सांगणार? आमीच सांगाय पायजे व्हतं."

ते असं म्हणाले तेव्हा मला जास्तच लाज वाटली. काकूंनी रात्री दूध दिलं, ते मी निमूट प्यायले. सकाळी अकराची विट्याची गाडी पकडायची होती. मनात आलं, गुपचूप निघावं, मनीषाला सांगून फोनवर माफी मागावी. मग वाटलं, चाचांना उठवून लावलं मी, तर त्यांच्याकडे जायलाही मलाच हवं.

सोमवारी साडेनऊला दुकानापाशी गेले. चाचा एकटेच होते. खाटेवर बसून डाव्या हातानं एका डब्याच्या तळाला डाग देत होते. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

"चाचा, काल मी न विचारता हात लावला. माफ करा."

"आत या आदी." त्यांनी कावीळ झाल्यासारखी पिवळी पडलेली प्लास्टिकची खुर्ची पायानंच पुढे सरकवली. "रागानं गेलो न्हाई मी. थाप पडली आन् ह्यो हात," त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं, "मांडीवरच्या मांडीवर हलला. आठ म्हैन्यांत पयल्यांदा. सगळ्यांम्होरं रडू आलं आसतं, म्हणून गेलो."

मी खुर्चीत बसले.

"ही सगळी माझ्या मानापायी गप बसत्यात. मी इतवारी यायचो आन् मलाच वाटायचं, माझ्यामुळं ह्यांचं गाणं लंगडं झालंय. कुणीतरी घ्यावी की तिला खाली. पन माझ्या तोंडानं कसं सांगू? आन् ते तरी कसं इचारनार?" मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "तरी ताई, इचारायला पायजे व्हतं. सुभेदाराला न्हाई. मला."

"हो," मी म्हटलं. "आता विचारते. घेऊ?"

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "घ्या."

मी ढोलकी उतरवली आणि मांडीवर घेणार तोच त्यांनी खूण केली, खाली ठेवा. ते खाटेवरून कालपासून तशीच पडलेल्या सतरंजीवर आले आणि ढोलकीच्या डाव्या अंगाला बसले. "तुमी तिकडं बसा. उजवीला."

आम्ही शेजारी शेजारी बसलो, मध्ये आडवी ढोलकी. त्यांनी डाव्या हाताची धुम दिली. आवाज असा खोल आला की भिंतीला टेकलेले पत्रे हलके झणझणले. मी उजव्या हातानं ठेका सुरू केला आणि चौथ्याच आवर्तनात त्यांच्या पुढे पळाले.

"कुनाची गाडी चुकतीय का?" चाचा म्हणाले.

"माझीच. अकराची."

ते खळखळून हसले. "मोबाइलवर शिकलाय न्हवं? त्यो कवा थांबतच न्हाई. मानूस दम घेतो. त्यानं दम घेतला की तुमी बी घ्या."

माझ्यावर एका हातानं ढोलकी वाजवायची वेळच कधी आली नव्हती. दुसरा हात आपला नाही म्हटल्यावर त्याची वाट बघावी लागते. त्यांची धुम आली की माझी बोटं, माझी बोटं थांबली की त्यांची धुम. अर्ध्या तासात तीनदा जमलं, वीसदा फसलं. मांडीवर पडलेल्या त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट मात्र बारीक हलत होतं. ते त्यांनाही दिसत होतं. 

सुभेदार मला स्टँडवर सोडायला म्हणून शोधत आले. स्कूटर बंद झाल्याचा आवाज आला, पण ते आत येईनात. वर पाहिलं तर दारात उभे, हातात चावी. त्यांनी चप्पल काढली, आत येऊन बसले, दोनदा घसा खाकरला आणि काल जिथे तुटलं होतं, त्याच ओळीपासून भजन उचललं.

आम्ही वाजवत राहिलो. डबा न्यायला आलेल्या एक बाई उंबऱ्यावर टेकल्या. समोरचा किराणावाला गल्ला पोराच्या हवाली करून आला, तो कालचा पेटीवालाच होता. पेटी नव्हती, म्हणून त्यानं एका पन्हळीवर बोटानं सूर धरल्यासारखं केलं आणि आम्ही सगळे हसलो. अकराची गाडी गेली. एकचीही गेली. जाताना चाचांनी ढोलकी कापडात गुंडाळली, पण खुंटीवर लावली नाही, खाटेखाली ठेवली. "हितनं काढाय सोपी," म्हणाले.

परतताना कराडमार्गे आले. तुम्ही जाणार असाल तर हाच रस्ता घ्या, महामार्गाला लागलं की पुण्याच्या गाड्या सारख्या मिळतात. कडेगावात राहायचं असेल तर आधी ओळख काढा आणि कुणाच्या घरी गेलात तर भाकरीला नको म्हणू नका.

नाशिकला आल्यावर सगळ्यांनी व्हिडिओ मागितला. एकही नाही. क्लासमध्ये मी सरांना विचारून एक दिवस ट्रॅक बंद ठेवला आणि आम्ही जोड्या करून एकेक ढोलकी दोघींत वाजवली. पहिला तास नुसता गोंधळ आणि हसण्यात गेला. शेजारच्या दुकानातला माणूस काय चाललंय ते बघून गेला.

परवाच्या रविवारी दुपारी फोन आला. सुभेदारांनी स्पीकर लावला होता. विट्याचा तो वाजवणारा आता येतो, उजव्या अंगाला बसतो, पण आज त्याच्याकडे लग्न आहे, म्हणून चाचा म्हणत होते की ताईंनी फोनवरून वाजवावं. मी ढोलकी घेऊन बसले. तिकडून धुम यायची, मी उत्तर द्यायचे आणि ते तिकडे पोचेपर्यंत पुढची धुम निघालेली असायची. भजनाचा पार चुराडा झाला. सात-आठ माणसांचं हसणं फोनमधून फुटत फुटत येत होतं आणि त्यातून चाचांचा आवाज, "आवं ताई, फोनवर न्हाई जमत हे! हितं येऊन बसा!"

सोमवारी मी रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्याशी बराच वेळ पेन घेऊन बसले होते. शेवटी लिहिलं, घरगुती.