मामांचे तीन प्रश्न

नुसता हॉर्न ऐकून स्कूटरचं दुखणं ओळखणारा माणूस अख्ख्या नवी मुंबईत एकच होता, आणि तो आमच्या शेजारी राहत होता : सगळ्या इमारतीचे मामा. नव्वदच्या दशकात नावडे वसाहतीतल्या आमच्या इमारतीत वीसेक स्कूटर असतील. त्या सगळ्यांच्या बॅटऱ्या मामांच्या नात्यातल्या होत्या. मामा मूळचे साताऱ्याकडचे, तळोज्याच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन. रविवारी सकाळी लेंगा-बनियनवर खाली येत, बारदान अंथरत आणि बशीतला चहा फुरकत पहिल्या पेशंटची वाट बघत. आधी बंद गाडीचा हॉर्न, मग चालू गाडीचा. "कन्हतीय," म्हणाले की बॅटरी उतरलेली. मग व्होल्ट मोजायच्या मीटरच्या वायरी बॅटरीला टेकवून रेस द्यायला सांगत. काटा चौदाच्या आसपास चढला की चार्जिंग ठीक. जागचा हलला नाही, तर कॉइलपासून बॅटरीपर्यंत एकेक वायर डोळे मिटून चाचपत जात. "नवीन बॅटरीच टाकू का, मामा?" असं कुणी अधीर होऊन विचारलं की म्हणत, "पोरगं जेवंना म्हणून नवं पोरगं आणतोस व्हय?"

गाडीला हात लावण्याआधी त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. कधीपासून होतंय? चालवतं कोण? आणि वरून काय जोडलंय का? मिळालेल्या उत्तरावर ते कधीही शंका घेत नसत. माणूस आपल्याच गाडीबद्दल कशाला खोटं बोलेल, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्याने गाणं वाजवणारा हॉर्न बसवल्याचं कबूल केलं, तेव्हा मामांनी तो तिथल्या तिथे काढायला लावला आणि सगळी इमारत पंधरा दिवस हसत राहिली.

त्याच पंधरवड्यात माझी बटण-स्टार्टची नवी स्कूटर रोज सकाळी मुकी होऊ लागली. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी. मामांनी चार लोकांदेखत तिसरा प्रश्न विचारला आणि मी ताठ मानेने म्हणालो, "छे, काहीच नाही." खरं म्हणजे पुढच्या डिकीत मी खंडोबाची तसबीर लावली होती आणि तिच्यासमोर एक लाल बल्ब, स्वतःच्या हाताने, थेट बॅटरीवरून. झाकण लावलं की आतलं बटण दाबलं जाऊन फ्रिजसारखा तो विझतो, अशी माझी पक्की समजूत. मामांनी चार रविवार घालवले. काटा दर वेळी चौदाला जायचा आणि सोमवारी गाडी पुन्हा मुकी. "चार्जिंग झ्याक हाय, सेक्रेटरी. कुनीतरी चोरून खातंय," ते हताश होऊन म्हणायचे. पाचव्या रविवारी सोसायटीची सभा होती. तिथे मी सगळ्यांसमोर बोलून गेलो, "मामांच्या हाताला आता गुण राहिला नाही." लोक हसले. मामाही हसले, पण बशी खाली ठेवून.

पुढच्याच आठवड्यात फडकं काढायला डिकी उघडली, तर तसबिरीची प्लास्टिकची चौकट उष्णतेने वाकलेली. किल्ली माझ्या खिशात, आणि बल्ब हाताला चटका देण्याइतका तापलेला. झाकण सैल होतं. आतलं बटण कधी दाबलंच जात नव्हतं. देव दिवसरात्र माझी बॅटरी जेवत होता. मी गुपचूप वायर तोडली. गाडी सुधारली, आणि मी कुणालाही काही सांगितलं नाही. तोवर लोक पनवेलच्या मेकॅनिककडे जाऊ लागले होते. मामा आणखी काही रविवार बारदान अंथरून बसले, नुसता चहा प्यायले, मग खाली यायचे थांबले.

निवृत्त होऊन ते गावी निघाले, त्या दिवशी टेम्पोत सामान चढत होतं. जाता जाता त्यांनी माझ्या स्कूटरचा हॉर्न दाबला, मान कलती करून ऐकला.

"ब्येस झाली की. काय निघालं?"

"काही नाही. आपोआप सुधारली."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, "असंल. तुमी म्हणताय म्हणजे असंल." आणि टेम्पोत बसले.

आता मीही सत्तरी ओलांडली. मामा गेल्याचं कळलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. त्या सभेला बसलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर एवढं लक्षात घ्या : मामांच्या हाताला शेवटपर्यंत गुण होता. तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर खोटं होतं.